पाड लागला की माशी येते, ती कशाच्या वासावर?

प्रश्न असा आला आहे: "राजापूर तालुक्यात आमची हापूसची साठेक कलमं आहेत, घराच्या आवारात चार-पाच पेरूची झाडं. बागेत रक्षक सापळे टांगलेत, त्यांत मूठमूठ माशा मरून पडतात. तरी मेच्या शेवटच्या आठवड्यात उतरवलेल्या आंब्यांत अळ्या निघाल्या. एप्रिलातल्या फळांत एकही नव्हती. शेजाऱ्यांच्या रायवळीला, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याला, काही झालं नाही. आमच्या फळात साखर जास्त म्हणून माशी येते का? तसं असेल तर फळातच काही बदल करून तिला टाळता येईल का?"

नमस्कार. गेली पंचवीसेक वर्षं मी फळमाशीच्या मागावर आहे आणि त्यातली बरीचशी कोकणातल्या कलमांखाली गेली. असा प्रश्न दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच, पण विचारणारा बहुतेक वेळा सापळ्यावर चिडलेला असतो. तुम्ही फळात काय आहे हे विचारलंत, याचा मला फार आनंद झाला.

आधी तुमची अडचण माझ्या शब्दांत मांडते. सापळ्यात माशा मरतात आणि फळात अळ्याही होतात, कारण सापळ्यात पडतात ते सगळे नर. अंडी घालते ती मादी, आणि ती त्या सापळ्याकडे फिरकत नाही. नराला सापळा बोलावतो, मादीला फळ बोलावतं. तेव्हा शोधायचं ते हे की मेच्या शेवटी तुमच्या हापूसमध्ये असं काय तयार झालं जे एप्रिलातल्या फळात नव्हतं, आणि ते मादीला बाहेरून कसं कळलं.

सापळ्याबद्दल आधी थोडं सांगते. १९१२ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथं काम करणाऱ्या हॉलेट या कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की डास येऊ नयेत म्हणून वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या ओढल्या जातात, आणि त्या सगळ्या नर असतात. पुढे १९१५ पर्यंत त्यानं त्यामागचं द्रव्य शोधून काढलं, ते मिथाइल युजेनॉल. आज तुमच्या सापळ्यातल्या ठोकळ्यात तेच असतं. तुळशीच्या पानातही ते असतं. तुळशीची पानं चुरगळून बागेत ठेवली तर थोड्या वेळात नर माश्या त्यावर बसलेल्या दिसतात, हे मी कितीतरी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवलं आहे. नर ते द्रव्य खातो आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतो. त्याच्या दृष्टीनं ही लग्नाची तयारी आहे, म्हणून तो इतका वेडा होऊन धावतो. मादीला त्या द्रव्याची तशी गरज नाही.

मग नर मारून उपयोग होतो का? होतो, पण अट आहे. पॅसिफिक महासागरातल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर १९६२-६३ मध्ये मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक शोषलेले तुकडे विमानातून सगळ्या बेटावर टाकले, आणि तिथली फळमाशी संपली. ते बेट होतं, चहूकडे समुद्र होता. तुमची साठ कलमं म्हणजे बेट नाही. शेजारच्या पडक्या आवारातल्या पेरूवर, रस्त्याकडेच्या रायवळीवर मिलन झालेली मादी तुमच्याकडे उडत येते, आणि तिला तुमच्या नरांशी काही कर्तव्य उरलेलं नसतं. शिवाय एक नर अनेक माद्यांशी जुळतो. बागेतले बरेच नर मेले तरी उरलेले काम भागवतात. म्हणून सापळे गावानं मिळून लावले तर संख्या खरोखर उतरते. एकट्यानं लावले तर ते निदान सूचना देतात. सूचना कशी वाचायची ते पुढे सांगते.

आता साखर. "गोड फळाला माशी लागते" हे सगळेच म्हणतात, आणि फळ चाखून पाहिलं तर ते खरंही वाटतं. पण साखर हवेत उडत नाही. साखरेला वास नाही. दहा-वीस हातांवर असलेल्या मादीला तुमच्या आंब्यात किती साखर आहे हे कळण्याचा मार्गच नाही. फळ पिकताना साखर वाढते त्याच सुमारास काही उडणारी द्रव्यंही तयार होतात, आणि मादी त्यांच्या मागे येते. साखरेची परीक्षा ती फळावर बसल्यानंतर, फार उशिरा घेते.

ही परीक्षा कशी होते ते मी तासन् तास जाळीच्या पिंजऱ्यात पाहिलं आहे, आणि आजही पाहताना कंटाळा येत नाही. मादी आधी मिशांनी वास घेत वाऱ्याच्या उलट दिशेनं येते. जवळ आल्यावर डोळे कामाला लागतात. गोल आकार आणि हिरव्या पानांतून उठून दिसणारा पिवळसर रंग तिला खुणावतात. मग ती फळावर उतरते आणि चालू लागते. तिच्या पायांवर आणि सोंडेवर चवीचे केस असतात. थांबते, सोंड टेकवते, पुढे जाते, परत फिरते. शेवटी पोटाचा टोकदार भाग, म्हणजे अंडी घालण्याची सुई, खाली वाकवून सालीला टोचून बघते. त्या सुईच्या टोकालाही चव कळते. पटलं तर सालीखाली दहा-बारा पांढरी, तांदळाच्या कणीहून बारीक अंडी ठेवते. नाही पटलं तर उडून जाते. कितीदा तरी ती उडूनच जाते. फळावर बसलेली प्रत्येक माशी अंडी घालून गेली असं समजू नका.

तिनं इतकं पारखून घेण्याचं कारण साधं आहे. अळीला पाय नाहीत. आई ज्या फळात ठेवील तिथेच तिला वाढायचं आहे, दुसरं फळ शोधता येत नाही. चिकानं भरलेल्या कडक कैरीत अंडी पडली तर त्यातली बहुतेक वाया जातात. पिलांचं घर निवडण्याचं सगळं काम आईच्या नाकावर आणि पायावर टाकलेलं आहे.

तर हापूसमध्ये असा कुठला वास आहे? कच्च्या हापूसच्या वासात टर्पीन वर्गातली द्रव्यं भरपूर असतात. त्यात ओसिमीन मुख्य. त्याचं नावच मुळी तुळशीच्या शास्त्रीय नावावरून पडलं आहे. कैरी फोडल्यावर नाकात शिरणारा हिरवा, तिखटसर वास आठवा, तो या गटाचा. फळ पिकायला लागलं की यात आणखी दोन गट येऊन मिळतात, लॅक्टोन आणि फ्युरॅनोन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालं आहे, आणि ही द्रव्यं पिकण्याच्या टप्प्यात वाढतात हे त्यातून दिसलं. आढी उघडल्यावर घरभर जो दाट, दुधाळ, गोड दरवळ पसरतो, तो यांच्यामुळे.

यातलं एक लॅक्टोन आपल्या विषयात फार महत्त्वाचं आहे, गॅमा-ऑक्टालॅक्टोन. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की आंब्यातलं हे एकटं द्रव्यसुद्धा पूर्वेकडच्या फळमाशीच्या, म्हणजे आपल्या आंब्यावरच्या मुख्य माशीच्या, मादीला अंडी घालायला उद्युक्त करतं. त्याहून मला विलक्षण वाटलं ते हे, की ज्या माद्यांनी जन्मात फळ पाहिलं नव्हतं, त्यांनीही हा वास ओळखला. हे शिकून आलेलं नाही, उपजत आहे. पिलांना मानवेल असं फळ कुठलं, याची खूण त्या एका रेणूच्या रूपात तिच्या नाकात आधीच बसवलेली आहे.

आता तुमच्या एप्रिल आणि मे यांतला फरक बघा. एप्रिलात तुम्ही बहुधा चौदा आणे तयार झालेली, म्हणजे पूर्ण वाढलेली पण अजून न पिकलेली, फळं उतरवलीत. खांदे भरलेले, देठाशी किंचित खळगा, पण साल हिरवी आणि घट्ट. त्या फळाला लॅक्टोनचा वास अजून सुटलेला नसतो. तो पुढे तुमच्या आढीत सुटतो, घराच्या आत, माशीच्या आवाक्याबाहेर. मेच्या शेवटी मात्र उकाडा वाढलेला, गडी मिळत नाहीत, फळं झाडावरच राहतात आणि पाड लागतो, म्हणजे ती झाडावरच पिकू लागतात. पाड लागला म्हणजे झाडावरच लॅक्टोन तयार होऊ लागले. आपल्या नाकाला तो वास खाली पडलेलं पहिलं झाडपिकं फळ उचलल्यावर येतो. मादीला त्याच्या कितीतरी आधी येतो.

यात दुसरी गोष्टही मिसळलेली आहे, ती लपवून चालणार नाही. मेपर्यंत माश्यांची संख्याच वाढलेली असते. एक पिढी सगळी मिळून तीन-चार आठवड्यांत पुरी होते, फेब्रुवारीपासून पेरू, चिकू, लवकरचा आंबा असं काहीतरी पिकत असतं, आणि त्यावर त्या वाढत जातात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर माती भिजते, कोषातून माश्या बाहेर पडायला सोपं जातं. म्हणजे तुमच्या मेच्या आंब्याला वासही जास्त होता आणि तो घेणारी नाकंही जास्त होती. दोन्हींचा वाटा किती किती, हे तुमची बाग न बघता मला सांगता येणार नाही.

वासानं बोलावलं तरी सालीनं आत घेतलं पाहिजे. आंबा हा बिबा आणि काजूच्या कुळातला. कैरी तोडताना चीक अंगावर उडाला तर कातडी पोळते, ओठ उततात, ते याच कुळाच्या स्वभावामुळे. हा चीक कच्च्या फळाच्या सालीत बारीक नळ्यांमधून दाबाखाली भरलेला असतो. माशीनं सुई टोचली की तो उसळून बाहेर येतो, कधी अंडी त्यात बुडून मरतात, कधी बाहेर वाहून जातात. कैरीच्या सालीवर कधी एखादा चमकदार, वाळलेल्या डिंकासारखा थेंब दिसतो. अनेकदा तिथे माशीनं प्रयत्न केलेला असतो आणि फळानं तो परतवलेला असतो. साल कापून बघा, बहुतेक वेळा आत काही नसतं. फळ पिकत जातं तसा चिकाचा दाब ओसरतो, सालीतली तुरट द्रव्यं कमी होतात, पेक्टीन सुटून साल-गर मऊ होतात. वास वाढतो आणि तटबंदी खचते, दोन्ही एकाच आठवड्यात. फळाला बी पसरवायचं आहे, त्यासाठी पिकल्यावर ते सगळ्यांना आमंत्रण देतं. पक्षी-वटवाघळांना दिलेलं आमंत्रण माशीही वाचते.

मात्र "कैरी पूर्ण सुरक्षित" असं म्हणून गाफील राहू नका. माश्या फार असतील, किंवा साल गारपिटीनं, काठीनं, फांदीच्या घासण्यानं फुटली असेल, तर हिरव्या फळातही अंडी पडतात. जखमेतून रस बाहेर आला की चीक आड येत नाही आणि वासही आपोआप सुटतो.

रायवळीचं काय? इथे मी तुम्हालाच उलट विचारते, शेजाऱ्यांची ती रायवळ कधी उतरते? एप्रिलअखेर उतरत असेल तर ती माश्यांच्या आधीच निसटली, यात तिच्या फळाचा फार गुण नाही. जूनपर्यंत राहणाऱ्या रायवळी अळ्यांनी भरलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तरीही झाडाझाडांत खरा फरक असतो. रायवळ म्हणजे कोयीपासून आलेलं झाड, प्रत्येकाची साल वेगळी, चीक वेगळा, वास वेगळा. काहींच्या सालीत राळेचा इतका तीव्र वास असतो की माणूससुद्धा देठाकडचा भाग कापून टाकतो. उत्तरेकडच्या लंगडा जातीला फळमाशी कमी लागते असं आढळलं आहे, आणि त्याचा संबंध सालीतल्या टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइडच्या जास्त प्रमाणाशी जोडला जातो. हापूसची पातळ साल आणि लॅक्टोनचा दरवळ ही आपल्याला आवडणारी लक्षणं आहेत. नेमकी तीच मादीला आवडतात. हापूस लावायचा तर हे पत्करावं लागतं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्याकडे परसात दोडका-कारल्याचे वेल असतीलच. "पिकलं की माशी येते" हा नियम तिथे लागू होत नाही. वेलभाज्यांवरची फळमाशी वेगळी आहे. ती कोवळ्या फळाला टोचते, कधी कळीलाही. तिला मऊ साल हवी असते, पिकण्याची वाट ती बघत नाही. तिच्या नराला मिथाइल युजेनॉल चालत नाही, क्यू ल्युअर नावाचं दुसरं आमिष लागतं. आंब्याचा ठोकळा कारल्याच्या मांडवात टांगून "सापळा निकामी निघाला" म्हणणारे दर पावसाळ्यात भेटतात. घाटावरच्या डाळिंबातलं फुलपाखरूही फूल आणि कोवळ्या फळावर अंडी घालतं. प्रत्येक किडीचं घर निवडण्याचं वय वेगळं, म्हणून एकीवरून दुसरीचा अंदाज करायचा नाही.

वासाची ही निवड किती खोल जाते याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथली सफरचंदावरची फळमाशी मुळात हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाच्या फळात वाढायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती सफरचंदावर आली, आणि आज सफरचंदाच्या वासाकडे जाणाऱ्या व हॉथॉर्नच्या वासाकडे जाणाऱ्या अशा तिच्या दोन फळ्या पडल्या आहेत. मिलन फळावरच होतं, त्यामुळे त्या एकमेकींत मिसळतही कमी. त्या माशीची आणखी एक सवय आहे. अंडी घालून झाली की ती सुई फळावर फिरवून एक खूण सोडते, "हे घर भरलं" अशी, आणि दुसरी मादी ती चाखून निघून जाते. युरोपातल्या चेरीवरच्या माशीचीही तीच रीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये ती खूण ओळखून, प्रयोगशाळेत बनवून चेरीच्या झाडांवर फवारूनही पाहिली गेली.

आपली आंब्याची माशी अशी खूण सोडत नाही. उलट ताज्या भोकातून झिरपणारा रस दुसरीला बोलावतो, म्हणून एकाच भोकात दोघी-तिघींची अंडी सापडतात. पण काही काळानं चित्र फिरतं. चीनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं की माशीच्या अंड्यांवर जे जिवाणू असतात, त्यांच्यामुळे फळातच बीटा-कॅरिओफायलीन नावाचं द्रव्य वाढतं, आणि तो वास नव्या माद्यांना दूर ठेवतो. हे कॅरिओफायलीन आपल्या लवंग-मिरीतही असतं. लगेच लवंगेचं तेल फवारायला धावू नका, कारण बागेत ते तासाभरात उडून जाईल. पण पुढे जे उपाय येतील ते या दिशेनं येतील अशी मला मनापासून आशा आहे.

इथवरचं थोडक्यात गोळा करते, म्हणजे पुढचं काय करायचं ते नीट लागेल. नराला मिथाइल युजेनॉल ओढतं, मादीला पाड लागल्याचा वास. तो वास तिला झाडापर्यंत आणतो, पण अंडी घालायची की नाही हे सालीला पाय आणि सुई लागल्यावर ठरतं. हापूसमध्ये वास वाढणं आणि साल ढिली पडणं एकाच वेळी होतं.

मग "फळातच काही बदल करता येईल का?" फवारून किंवा खत घालून हापूसचा वास बदलता येत नाही, आणि येत असता तरी आपण तो बदलला नसता. बदलता येते ती वेळ. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फळ चौदा आण्यांवर उतरवणं, पाड लागू न देता. पाण्यात टाकून बघा. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. वेळेवर उतरवण्यानं साक्याचं, म्हणजे आतला गर पांढरट आणि बेचव होण्याचं, प्रमाणही कमी राहतं, हा दुहेरी फायदा. देठासकट काढा, झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, काढा, चीक सालीवर ओघळू देऊ नका. मेच्या मध्यानंतर तोडणीच्या फेऱ्या जवळजवळ घ्या. दहा दिवसांनी एकदा झाडावर जात असाल तर पाच दिवसांनी जा. मजुरी वाढते, ठाऊक आहे. पण एक अळी निघालेली पेटी गिऱ्हाईक कायमचं तोडते. परदेशी माल पाठवणाऱ्यांना तर हे फार महागात पडलं आहे. युरोपीय संघानं १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला दार बंद केलं होतं, ते मुख्यतः मालात सापडलेल्या फळमाशीमुळे, आणि ते उघडायला २०१५ चा जानेवारी उजाडला.

वेळ आणखी मागे न्यायची असेल तर मोहोर लवकर यावा म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखणारं रसायन, देणारे बागायतदार तुमच्या तालुक्यातही असतील. माशीच्या दृष्टीनं त्याचा उपयोग होतो, कारण फळ माश्या वाढायच्या आधी तयार होतं. पण केवळ माशीसाठी मी ते देणार नाही. कलमाचं वय, ताकद, खतपाणी बघून, कृषी विद्यापीठाच्या मात्रेनंच द्यावं. अशक्त कलमाला दिलं तर झाड खचतं.

उशिराची फळं ठेवायचीच असतील तर पिशवी घाला. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं असताना कागदी पिशवी बांधली की पुढे ते पिकलं तरी चालतं. पिशवीतून वास बाहेर येतोच, मादी येऊन पिशवीवर बसतेसुद्धा. पण तिच्या पायांना साल लागत नाही, सुई पोचत नाही, आणि निर्णयाची शेवटची पायरी तिला चढता येत नाही. सगळ्या बागेला हे परवडत नाही. जी कलमं दरवर्षी मागे राहतात, घराजवळची, सावलीतली, तेवढ्यांना करा.

तुमचे पेरू मात्र मला खटकतात. पेरू उन्हाळ्यात पिकत असेल तर तो माश्यांची नर्सरी आहे. पेरूची साल हिरवीची फिकट पोपटी होऊ लागली की मादी येते, आणि पेरूच्या सालीत आंब्यासारखा चीक नाही, त्यामुळे अंडी सहज पडतात. आंब्याच्या हंगामात ती फळं कोवळी असतानाच काढून टाका, किंवा एकूणएक पिशवीत घाला. मी अशाच चार झाडांमुळे अख्खी बाग किडलेली पाहिली आहे. मालक दोन वर्षं आंब्यावर औषध मारत राहिला आणि पेरूकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

खाली पडलेलं फळ दुसऱ्या दिवशी जमिनीवर दिसता कामा नये. अळी पूर्ण वाढली की फळातून बाहेर पडून मातीत दोन-चार बोटं खोल जाते आणि कोष करते. गोळा केलेली फळं उकिरड्यावर टाकली तर माश्या तिथून उठतात. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. आतल्या उष्णतेनं अळ्या मरतात. नंतर खड्ड्यात पुरा.

मादीसाठी मिथाइल युजेनॉलच्या ताकदीचा सापळा अजून आपल्या हातात नाही. पण तिची एक गरज वापरता येते. कोषातून निघालेल्या मादीला अंडी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि त्या काळात तिला प्रथिनं हवी असतात. पाखरांची विष्ठा, तुडतुड्यांनी पानांवर टाकलेला चिकट गोड द्रव, त्यावर वाढलेले जिवाणू, असं काहीही ती चाटते. प्रथिनयुक्त आमिषात शिफारशीतलं कीटकनाशक मिसळून बुंध्यावर, खालच्या पानांवर ठिकठिकाणी शिंतोडे मारायचे, ते या भुकेच्या दिवसांत. फळावर मारायचं नाही. एकदा अंडी सालीखाली गेली की वरून मारलेलं औषध त्यांना लागत नाही, खाणाऱ्याला लागतं.

आता सापळ्याची सूचना कशी वाचायची. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी सापळ्यातले नर मोजून वहीत लिहा आणि सापळा रिकामा करा. आकडा मागच्या आठवड्याहून एकदम चढला, तर समजा नवी पिढी बाहेर पडली आणि तिच्यातल्या माद्या आठवडाभरात फळ शोधू लागणार. त्या आठवड्यात तोडणीची फेरी पुढे ओढा आणि आमिष मारा. सापळ्याचं मोल मला तरी यात सर्वांत जास्त वाटतं. शेजारचे पाच-सहा बागायतदार एकाच वेळी सापळे लावायला तयार झाले तर नर कमी करण्याचा उपयोगही दिसू लागेल.

एक काम आत्ताच करा. या वेळी अळ्या निघालेल्या आंब्यांतली आठ-दहा फळं आणि तेवढेच पेरू, दोन वेगळ्या बरण्यांत किंचित ओलसर वाळूवर ठेवा आणि तोंडाला फडकं बांधा. अळी आखडून टुणकन उडी मारत असेल तर ती फळमाशीचीच. कोयीत काळपट भुंगा निघाला तर ती वेगळी कीड, तिचा इलाज वेगळा. दोन-तीन आठवड्यांत बरणीत माश्या निघतील. आपल्याकडे आंब्या-पेरूवर फळमाशीच्या दोन-तीन जाती असतात आणि त्यांचे नर एकाच सापळ्यात येतात, म्हणून सापळा बघून जात कळत नाही. दोन्ही बरण्यांतल्या माश्यांचे पंख पसरलेले स्पष्ट फोटो पाठवा, पंखांवरचे पट्टे नीट दिसले पाहिजेत. दोन्हीकडे एकच माशी निघाली तर पुढच्या जानेवारीत आपण सुरुवात पेरूपासून करू.